समोर बागेचं आरक्षण आहे, म्हणजे नेमकं काय आहे?

फ्लॅट बघायला गेलं की सेल्स ऑफिसमधला मुलगा आधी बाल्कनीत नेतो आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतो. "समोर गार्डनचं रिझर्व्हेशन आहे सर, व्ह्यू कायमचा." यातला पहिला भाग बहुधा खरा असतो. दुसऱ्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, महापालिकासुद्धा नाही.

त्या जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून बघा. मालकांच्या रकान्यात बहुतेकदा एखाद्या शेतकरी घरातल्या भावाबहिणींची पाच-सात नावं निघतील. महापालिकेचं नाव नसेल. आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. 'ही जागा आम्हाला पुढेमागे बागेसाठी लागणार आहे, तोवर तुम्ही इथे दुसरं काही बांधायचं नाही' एवढाच त्याचा अर्थ. बाग व्हायची तर जागा ताब्यात यावी लागते, आणि आपल्या शहरांची खरी रडकथा तिथे आहे. नकाशे काढण्यात आपण मागे नाही. नकाशातली जमीन हातात घेण्यात आहोत.

आधी चौकट समजून घेऊ. महाराष्ट्रात हे सगळं 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' याखाली चालतं. बोलताना सगळे 'एमआरटीपी' म्हणतात. प्रत्येक महापालिकेने, नगरपालिकेने आपल्या हद्दीचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, करायचा आणि वीस वर्षांनी त्याची फेरतपासणी करायची. आधी आराखडा करण्याचा 'इरादा' जाहीर होतो. मग आज कुठे काय आहे त्याचा नकाशा तयार होतो: घरं, दुकानं, शेतं, ओढे, शाळा, स्मशानं. पुढे लोकसंख्या किती वाढेल याचा अंदाज बांधून शाळांना किती जागा, दवाखान्यांना किती, बागांना किती, असा हिशेब मांडला जातो. आणि ही सगळी गरज मोकळ्या दिसणाऱ्या जमिनींवर टाकली जाते.

मूळ गोम इथेच आहे. ज्याने आपली जमीन मोकळी ठेवली, त्याच्यावर आरक्षण पडतं. ज्याने परवानगी न घेता आधीच चार मजले चढवले, तो सुटतो. आराखडा येणार अशी कुणकुण लागली की शहराच्या कडेला रातोरात पत्र्याच्या शेड उभ्या राहतात, ते याचसाठी.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात. त्यासाठीची मुदत जाहीर नोटिशीतच छापलेली असते. आलेल्या हरकतींची सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीच्या अहवालावरून दुरुस्त झालेला आराखडा मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. शेवटची सही तिथली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावं परिशिष्ट आणलं आणि शहरांनी करायच्या कामांच्या यादीत पहिलंच काम नगरनियोजन असं लिहिलं. पण महाराष्ट्रात लेखणी अजून मंत्रालयातच आहे. सरकारला एखादी गोष्ट पटली नाही, तर तेवढा भाग बाजूला काढून तो पुन्हा हरकतींसाठी टाकता येतो. त्याला 'ईपी' म्हणजे वगळलेला भाग म्हणतात. माझ्या मते आराखड्याचा सर्वांत बारकाईने वाचायचा भाग तोच. मोठे बदल बरेचदा तिथे येतात, आणि तोवर सगळे दमलेले असतात.

पुण्याच्या जुन्या हद्दीचं उदाहरण घ्या. आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा. प्रारूप लोकांसमोर आलं २०१३ मध्ये. हरकती आल्या सुमारे ८७ हजार. २०१५ मध्ये सरकारने आराखडा महापालिकेच्या हातातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांसाठी केलेला आराखडा अमलात येईपर्यंत त्यातली दहा वर्षं संपली होती. मुंबईचीही गत निराळी नाही. फेब्रुवारी २०१५ चं प्रारूप चुकांनी इतकं भरलेलं निघालं, की उभ्या इमारतींवरून रस्ते गेले आणि वारसा वास्तू नकाशातून गायब झाल्या. दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी ते नव्याने करायला सांगितलं. २०१४ ते २०३४ साठीचा हा आराखडा शेवटी २०१८ मध्ये लागू झाला.

आता झोन आणि आरक्षण यांतला फरक, कारण दोन्हींत हिरवा रंग येतो आणि लोक गोंधळतात. झोन हा मोठ्या पट्ट्याचा असतो: इथे राहण्याची घरं, इथे कारखाने, इथे शेती. आरक्षण एका ठरावीक तुकड्याचं असतं आणि त्याला क्रमांक असतो. 'ग्रीन झोन' म्हणजे शेतीचा पट्टा. तिथे बाग होणार असं कोणी म्हटलेलं नसतं, तिथे मोठं बांधकाम होऊ द्यायचं नाही एवढंच ठरलेलं असतं. 'यलो झोन'मध्ये घरं बांधता येतात. एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे जमिनीच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि ती रेषा सरकवण्यासाठी जे काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. गोव्यात तर पूर्ण राज्याचा प्रादेशिक आराखडाच अशा बदलांमुळे पेटला होता. गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये सरकारला 'प्रादेशिक आराखडा २०११' मागे घ्यावा लागला.

नदीकाठी आणखी दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये जोतं उंच ठेवून आणि इतर अटींवर परवानगी. या रेषा जलसंपदा विभाग आखतो, महापालिका नाही. त्यामुळे पूर आला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

घर किती मोठं बांधता येईल हे एफएसआय, म्हणजे चटई निर्देशांक ठरवतो. १,००० चौरस मीटरच्या प्लॉटला १.१ एफएसआय असेल तर सगळे मजले मिळून १,१०० चौरस मीटर. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून उरलेल्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, तिचं लघुनाम यूडीसीपीआर. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय तिने १.१ ठेवला आहे. त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय, त्यावर टीडीआर (जमीन देऊन मिळालेला बांधकामाचा हक्क, त्याबद्दल पुढे), आणि राहण्याच्या इमारतीला या सगळ्याच्या वर ६० टक्क्यांपर्यंत 'अ‍ॅन्सिलरी', म्हणजे पूरक एफएसआय, तेही पैसे भरूनच. समोरचा रस्ता जितका रुंद, तितकं जास्त. म्हणून 'एफएसआय वनपॉइंटवन' असं कोणी म्हटलं की लगेच विश्वास ठेवू नका. उभी राहणारी इमारत त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते.

याच नियमावलीत एक अट आहे, तिने आराखड्यातल्या बागांपेक्षा जास्त मोकळी जागा दिली असेल असं मला वाटतं. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट करायचा तर १० टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी सोडायची. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरभर जमिनीमागे चार गुंठे मोकळे. सोसायटीतल्या घसरगुंडीपासून लेआउटमधल्या गणपती मंडपापर्यंत सगळं या चार गुंठ्यांत मावतं. यातून निसटायचे दोन मार्ग. एक, जमीन चार हजारांच्या जरा आत ठेवायची. दुसरा गुंठेवारी: ग्रीन झोनमधली जमीन एक-एक, दोन-दोन गुंठ्यांनी विकायची, लेआउट मंजूर करून घ्यायचाच नाही. तिथे दहा टक्के नाहीत, धड रस्ताही नाही. रुग्णवाहिका घरापर्यंत जात नाही अशा गल्ल्या यातूनच झाल्या.

पण गुंठेवारीत घर घेणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. त्याच्या पगारात मंजूर लेआउटमधलं घर बसत नव्हतं. आराखड्यात गरिबांच्या घरांसाठीही आरक्षणं असतात आणि त्यांचंही बागांसारखंच होतं. त्यातल्या त्यात एक नियम कामाचा निघाला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पात २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची. म्हाडाच्या सोडतीच्या जाहिरातीत '२० टक्के सर्वसमावेशक योजना' असं लिहिलेलं असतं ते हेच. इथे महापालिकेला जमीन घ्यावी लागत नाही, म्हणून हा नियम चालतो.

आता मुख्य प्रश्न, जमीन ताब्यात घेण्याचा. एमआरटीपी कायद्याच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत. मालकाशी बोलून पैसे देऊन घ्या, मोबदल्यात एफएसआय किंवा टीडीआर द्या, किंवा भूसंपादन कायदा लावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यामुळे शहरातसुद्धा बाजारभावाच्या दुपटीच्या घरात रक्कम जाते. एवढे पैसे महापालिकेकडे नसतात, निदान बागांसाठी तरी नसतात. म्हणून भर टीडीआरवर.

टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. जमीन महापालिकेला द्या, बदल्यात बांधकामाचा हक्क कागदावर घ्या आणि तो शहरातल्या दुसऱ्या बिल्डरला विका. २०१६ च्या नियमांनुसार मुंबई सोडून इतर शहरांत आरक्षित जागेच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. तो वापरताना दोन्हीकडच्या रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांचा ताळमेळ घातला जातो, म्हणजे कडेच्या स्वस्त जमिनीचा टीडीआर मध्यवस्तीत आणला की आकसतो. कागदावर योजना चोख आहे. अडचण बाजारात आहे. टीडीआरचा भाव मागणीवर ठरतो, आणि बिल्डरला प्रीमियम एफएसआय महापालिकेच्या खिडकीवर थेट मिळतो. म्हणजे टीडीआरवर जमिनी मिळवायला निघालेली महापालिका प्रीमियम विकून त्याच टीडीआरचा भाव पाडते. मालक थांबतो. थांबणं त्याला परवडतं.

पुण्याच्या टेकड्यांवर हे फार ठळक दिसतं. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात बाणेरपासून कात्रज-कोंढव्यापर्यंतच्या टेकड्या आणि उतार मिळून ९७८ हेक्टर जागा जैववैविध्य उद्यान, म्हणजे बीडीपी, म्हणून राखली गेली. टेकड्या वाचवण्यासाठी पुणेकरांनी दिलेला हा मोठा लढा, आणि निर्णय योग्यच होता. पण यातली बरीच जमीन खासगी. तिथल्या मालकाला मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर. साध्या आरक्षणात हजार चौरस मीटर दिले की दोन हजारांचा टीडीआर. टेकडीवरचे हजार दिले की ऐंशीचा. उतारावर तसंही फारसं बांधता येत नाही, म्हणून मोबदला कमी, हे सरकारचं म्हणणं तर्काला धरून आहे. तरी ऐंशी चौरस मीटरसाठी कोण सही करील? जमीन मालकाकडेच राहिली, आणि जिथे राखणदार नाही तिथे रात्री मुरूम उचलला जातो, सपाटी होते, खोल्या उभ्या राहतात. टेकडीला कायद्याचं संरक्षण आहे. तिथे कुंपण घालायचा हक्क मात्र महापालिकेला नाही, कारण जागाच तिची नाही.

आणि मग येतं कलम १२७. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. सरकारी भाषेत ही 'खरेदी सूचना'. नोटीस मिळाल्यापासून महापालिकेने ठरावीक मुदतीत जागा घ्यायची. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ पासून चोवीस आहे. तेवढ्यात काही झालं नाही तर आरक्षण आपोआप व्यपगत, म्हणजे रद्द, आणि शेजारच्या जमिनीवर जे करता येतं ते या मालकालाही करता येतं. शेजारी यलो झोन असेल तर इमारत. 'आम्ही ठराव केला होता, प्रस्ताव पाठवला होता' ही सबब चालत नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते स्पष्ट केलं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे कलम न्याय्यच आहे. एखाद्याची जमीन वीस-वीस वर्षं अडकवून ठेवायची, ना पैसे द्यायचे ना बांधू द्यायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? माझी तक्रार कलमाविरुद्ध नाही. चोवीस महिने नोटीस टपालात फिरत राहते आणि त्या बागेची वाट बघणाऱ्या शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो, याविरुद्ध आहे.

आरक्षण उठण्याची दुसरी वाट कलम ३७ ची. मंजूर आराखड्यात 'किरकोळ फेरबदल' करण्याची ही तरतूद. एका खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठवून दुसरं काही करायचं तर महापालिका ठराव करते, सूचना प्रसिद्ध होते, हरकतींना एक महिना, मग सरकारची मंजुरी. सूचना वर्तमानपत्रात येते, पण लग्नाच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या गर्दीत, 'मौजे अमुक, स. नं. तमुक पै.' अशा भाषेत. पुण्या-मुंबईत मार्च २०२२ पासून कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा असा ठराव सभागृहात वाचून गलका करणारंही कोणी नव्हतं.

बागेच्या बाजूने एक निकाल मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी एका ट्रस्टला देऊन टाकली होती. रहिवासी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप रद्द ठरवलं आणि उद्यानाची जागा अशी खासगी कामासाठी देता येणार नाही, त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, असं म्हटलं. मालक नसलेल्या माणसालाही बागेबद्दल बोलता येतं, ते या निकालाच्या आधारावर.

जमीन मिळवायची याहून बरी रीत आपल्याच कायद्यात आहे, आणि ती जुनी आहे: नगररचना योजना, टीपी स्कीम. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती चालत आली. वांद्रे, खार, सांताक्रूझचे आखीव रस्ते तिचेच. एकत्र कुटुंबात वाटणी करताना आधी सगळं एकत्र मोजतात, विहीर आणि वाट सामाईक ठेवतात आणि मग हिस्से पाडतात, तसंच हे काम. शंभर-दोनशे एकरांतल्या सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा, गरिबांची घरं यांच्या जागा काढायच्या, आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात आखीव 'अंतिम भूखंड' म्हणून परत द्यायची. जमीन कमी होते, पण रस्त्याला लागते, चौकोनी होते, भाव वाढतो. मुख्य म्हणजे एकट्या-दुकट्याच्या नशिबी आरक्षण येत नाही, सगळ्यांकडून थोडंथोडं जातं. अहमदाबाद शहर याच पद्धतीने वाढलं. आपण मध्ये काही दशकं ती जवळपास विसरलो. अलीकडे म्हाळुंगे-माण, फुरसुंगी, नवी मुंबई विमानतळाभोवतीचं 'नैना' क्षेत्र इथे ती पुन्हा आली आहे. 'नैना'त मूळ जमिनीच्या ४० टक्केच परत मिळते म्हणून शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. किती परत द्यायचं यावर भांडण जरूर व्हावं. पद्धत मात्र आरक्षणाच्या लॉटरीपेक्षा कितीतरी सरळ आहे.

घर घेताना किंवा बागेची चिंता वाटली तर करायचं काय? महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. फी किरकोळ असते. भाग नकाशावर आपला प्लॉट, शेजारचे प्लॉट, डीपी रस्ते आणि आरक्षणाचा क्रमांक दिसतो. दलालाने मोबाइलवर दाखवलेला रंगीत फोटो म्हणजे भाग नकाशा नव्हे. हरकत लिहायची वेळ आली तर 'आमच्या भागात झाडं हवीत' असं मोघम लिहू नका. सुनावणीत दोन-तीन मिनिटं मिळतात आणि मोघम अर्ज 'नोंद घेतली' म्हणून गठ्ठ्यात जातो. आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर, सध्या जागेवर काय आहे त्याचा फोटो, आणि नेमकं काय बदलावं किंवा बदलू नये, एवढं एका पानात. दोनशे जणांनी एकाच छापील मजकुरावर सह्या करण्यापेक्षा पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे मांडलेले बरे.

आणि पुण्याच्या जुन्या हद्दीत राहत असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीला त्याची दहा वर्षं भरतात आणि त्यात नव्याने पडलेल्या आरक्षणांना कलम १२७ लागू होऊ लागतं. आपल्या जवळच्या बागेच्या आरक्षणाबद्दल माहिती अधिकारात चार गोष्टी विचारता येतात: ताबा कोणाकडे आहे, मोबदल्याचा प्रस्ताव कुठवर आला, खरेदी सूचना आली आहे का, आणि आली असेल तर कोणत्या तारखेला. ती तारीख हाती आली की चोवीस महिने आपले आपल्याला मोजता येतात.